तक्रार नोंदवण्याची वेळ

जून सरता सरता कुओपिओत
रात्र रजेवर जाते.
अकराला ऊन, बारालाही उजेड,
आणि बंदरातल्या मंचावर एक पोरगा
दरवर्षी इमानाने दिवे लावतो,
जे कुणालाच दिसत नाहीत.

चार दिवस गाणंबजावणं.
तळलेल्या मुइक्कूचा वास, प्लास्टिकचे पेले,
तळ्यावरून उठलेले डास
आणि पालिकेत मी,
आवाजाच्या तक्रारींचा फोन सांभाळत.

हिल्क्का ताक्कुनेन यांचा फोन आला
की महोत्सव सुरू झाला म्हणायचा,
महापौरांचं भाषण होवो न होवो.
तिसरा मजला, बंदराची बाजू.
एकवीस वर्षं एकच सूर :
पोरी, कान किटले.
कपाटातल्या बशा नाचतात इथे.
मी ऐकून घ्यायची.
ऐकून घेण्याचाच पगार मला.

यंदा गुरुवार गेला, शुक्रवार गेला.
इल्पो म्हणाला, आटोपली वाटतं म्हातारी.
मी उगाच फोनची वायर
सॉकेटात घट्ट बसवून पाहिली.

शनिवारी दहा चाळीसला वाजला.
तीच. पण ओरडून :
यंदा आवाज का कमी केलात?
कर भरते मी!

छापील अर्जात याला रकाना नाही.
मी ऑफिसचा फोन मोबाईलवर वळवला,
आवाज मोजायचं यंत्र खांद्याला अडकवलं
आणि जिना चढले.

तिच्या बाल्कनीत यंत्राने दाखवले अठ्ठ्याहत्तर.
बशा नाचत होत्या.
ती कठड्यावर दोन्ही तळवे टेकवून उभी,
कुणाच्या अंगात ताप आहे का
बघावं तशी.
गळ्यात दुर्बीण.

रिळांच्या कारखान्यात होते मी, ती म्हणाली,
तीस वर्षं.
यंत्रं बोलायची, आम्ही बायका ओठ वाचायचो.
ही आजची गाणारी
तोंड नीट उघडत नाही. हे पण लिही.

मी लिहिलं.

टेबलावर वही होती, निळी, तेलाचे डाग पडलेली.
मला वाटलं, औषधांची.
पानोपानी तारीख, वेळ आणि तक्रार :
‘व्हायोलिनवाली पोरगी. शेवटचं लांबवते फार.
पावसातही थांबली नाही.’
‘नॉर्वेचे तिघे. बेसूर. पण मधला हसरा.’
‘पियानो. काल होता तोच. आज बरा.’
‘आज पाव्हो हॉस्पिटलात. खिडकी उघडी ठेवली.’
त्या दिवसापुढे तक्रार नव्हती.
त्या दिवशी फोन मात्र आला होता,
मला आठवलं,
काही न बोलता ठेवलेला.

खाली गाणारी थांबली.
दुर्बीण खाली आली.
आता काय चाललंय? तिने विचारलं.
वाद्याला ओठ नसतात.

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले.
म्हटलं, ट्रम्पेट.
काय?
ट्रम्पेट! एकटंच!
वर जातंय की खाली?
वर! वर चाललंय! थांबलं!
आता परत खालून, हळू...
हळू म्हणजे? ओरडून सांग!
मग मी ओरडून सांगितलं, हळू.
ढोल आला तेव्हा हाताने कठडा बडवला,
ती म्हणाली, तो मला कळतो, तो सोड,
त्या बारीक आवाजाचं सांग.
बारीक आवाजाचं मी
फुप्फुसं फाटेस्तोवर सांगत राहिले,
तळ्यावरून तो कसा घसरत येतो,
बोटींच्या दोरांत अडकतो,
हे असलं काहीबाही,
जे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.
उचलला. बाई होती, त्रासलेली,
दुसऱ्या मजल्यावरून.
तक्रार आहे म्हणाली. महोत्सवाची नाही,
तो काय, चार दिवस चालायचाच.
वर कुणीतरी किंचाळतंय मघापासून.

मी पेनाचं टोपण काढलं.
नाव विचारलं, पत्ता विचारला,
किती वाजता सुरू झालं
तेही विचारलं.