अडथळा

महापालिकेच्या यादीत अडथळा क्रमांक सात :
ताराबाई रोड, तिसरा मजला, काळी टाकी, हजार लिटर.
म्हणजे आम्ही.

नोटिशीच्या आधी इंगवले आला. कॉलेजात फिजिक्स शिकवतो,
नोव्हेंबर लागला की लक्समीटर घेऊन देवळात बसतो.
म्हणाला, तुझ्या टाकीची सावली
आंबाबाईच्या गुडघ्यावर पडते गड्या,
ऊन वर चढतच नाही.

मी हसलो.
सीपीआरच्या वॉर्डात आईच्या उशाखाली
अंगाऱ्याची पुडी निघाली होती, ती मी
एक्स-रेच्या पाकिटात घातली
आणि पाकीट रद्दीत.
तेव्हापासून देवळाला वळसा घालून बाजार करतो,
गंगावेशीतून, पापाच्या तिकटीवरून.
लांब पडतं. सवय झाली.

मुबारक गवंडीनं पान्यानं नट सोडवले.
टाकीच्या बुडाशी चौदा वर्षांचा गाळ
आणि हिरवा पडलेला तांब्याचा एक पैसा.
आईनंच टाकला असणार, पाणी गोड राहावं म्हणून.
ठेवू का टाकू, मुबारकनं विचारलं.
मी बोललो नाही.
त्यानं तो कठड्यावर ठेवला.

साडेपाच वाजून गेले, रंकाळ्यावरून ऊन आलं,
टाकी होती तिथं आता मी उभा.
फोनवर इंगवले :
महाद्वार. गरुड मंडप. कासव चौक.
पितळी उंबरा.
मग गप्प.
मग : अरे, वर कोण उभं ऱ्हायलंय?

मी वाकलो.
नमस्काराला नव्हे, आड येत होतो म्हणून.
कोबा अजून तापलेला, त्यावर पंजे, गुडघे, कपाळ,
आणि पाठीवरून ऊन चाललेलं.
त्याला वजन नव्हतं.
मला ओळखून गेलं असंही नाही.
आई याच आकारात असायची पहाटे,
फरशी पुसत होती की पाया पडत होती
झोपेतून मला कधी नीट कळलं नाही.

चरण, म्हणाला इंगवले. गुडघे.
आकडे सांगत गेला, कंबर,
मग घंटा सुरू झाल्या
आणि पुढचा आकडा ऐकूच आला नाही.

झालं न्हवं? मुबारक म्हणाला. ऊठ की.
म्हटलं, थांब जरा.
ऊन केव्हाच गेलं होतं,
दोघांनाही दिसत होतं ते.
खालच्या मजल्यावर अक्काताई नळ पिळत होती,
कोरडा.