दीड मिलिमीटर

घड्याळ बरोबर चालतं, गुल्शात म्हणाली,
वेळ चुकत नाही. पण बघितलं की
काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.
तालगात जाऊन चाळीस दिवस झाले होते.
तिने हातमोजा काढला, आणि हातमोज्यातूनच
घड्याळ निघालं, अजून कोमट.

खिडकीबाहेर कामा नदी गोठलेली,
बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसलेली माणसं,
इथून तीही रेघांसारखीच:
कुठे दाट, कुठे विरळ, कुणी न आखलेली.

मी भिंग डोळ्याला लावलं.

चौतीस मिलिमीटर. एवढ्याशा जागेत
अख्खा दिवस मावतो, दोन फेऱ्यांत.
तबकडी एके काळी पांढरी असणार,
आता साय धरलेल्या दुधाची.
आकडे तीनच: बारा, तीन, नऊ.
सहा सेकंदाच्या छोट्या वर्तुळाने गिळलाय
आणि त्याची उणीव कुणाला भासत नाही.
बाकी रेघा. बारीक, पण किरकिऱ्या नव्हेत.

कुणीतरी हे ठरवलं होतं,
इथल्याच कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी.
नाव कुठेच नाही.
रेघ केसभर आत घेतली असेल,
पुन्हा बाहेर, मग जेवायला गेली असेल ती बाई,
परत येऊन पुन्हा आत.
छोटं वर्तुळ मध्याकडे सरकलं असतं तर
डोळे फार जवळ असलेल्या चेहऱ्यासारखं
घड्याळ संशयी दिसलं असतं.
खाली सरकलं असतं तर हनुवटीच उरली नसती.
आणि बारापासून त्या वर्तुळापर्यंत
सोडून दिलेली ती जागा.
लोक म्हणतात, तिथे काही नाही.
मी म्हणतो, तिथेच तर सगळं घड्याळ बसलंय,
पाय पसरून.

तासकाटा रेघेच्या उंबऱ्यापर्यंत येतो, थांबतो.
आत जात नाही. रीत माहीत असलेला पाहुणा.
मिनिटकाट्याने मात्र काठावरच्या ठिपक्यांना
टेकायलाच हवं,
बोटाने कपाची कड चाचपावी तसं.
तो टेकत नव्हता.

दीड मिलिमीटर. तुमच्या लेखी तीळभर;
तबकडीवर तेवढ्यात
नदीचा अलीकडचा काठ आणि पलीकडचा.
काटा दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचा,
बायकांच्या, बहुधा. रंग जुळवलेला, टोक जुळवलेलं,
लांबी जुळवता आली नव्हती.
कुणी केलं हे? मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.
कुठल्या अडाण्याने?

मागचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला दुरुस्त करणारे खरडून ठेवतात
तारीख, आणि आपली खूण.
त्र्याण्णव. फेब्रुवारी.
एक आडवी रेघ, तिच्यावर दोन टिंबं.

माझी आहे ती खूण.

तेव्हा पगारात घड्याळंच मिळायची,
आम्ही ती धक्क्यावर विकायचो, बटाट्यांच्या बदल्यातही.
सुटे भाग नव्हते. पाव नव्हता.
तालगात आला असेल, टोपीवरचा बर्फ झटकत,
काटा मोडलाय म्हणाला असेल, आणि मी
डबीत जे होतं ते बसवलं असेल.
मला काहीही आठवत नाही.
तीस वर्षं त्याने मनगट वळवून पाहिलं
आणि काटा पोचला नाही,
आणि तो बोलला नाही.
किंवा त्याला कळलंच नाही.
यातलं बरं कुठलं, मला ठरवता आलं नाही.

उद्या ये, म्हटलं तिला.

रात्री तीन खण उपसले. चौथ्यात,
गंजलेल्या स्प्रिंगांच्या खाली, तो सापडला:
निळा, सडपातळ, हव्या त्या लांबीचा.
बसवला. किल्ली फिरवली.
दिव्याखाली तो ठिपक्यापर्यंत गेला
आणि टेकला.

सकाळी तिने पाहिलं. बराच वेळ.
मग काही न बोलता घड्याळ कानाला लावलं,
जणू फरक आवाजात असणार.
किती झाले, रिफकात आबी?
काही नाही, म्हटलं.
तिने दोनदा विचारलं. मी भिंग पुसत राहिलो.

आखूड काटा टेबलावरच राहिला.
झाकणाच्या आत मी नवी तारीख घातली होती,
जुन्या खुणेच्या खाली,
बरीच खाली,
मधे जागा सोडून.