बर्फाला काय म्हणायचं

मंडईच्या पंधरा दिवस आधी
डोमाजी नाकाडेंनी नाटकासाठी कथा आणली,
रद्दीतल्या पुस्तकातून. अर्धं वाळवीने वाचलेलं.
पहिलं पान नव्हतं, म्हणून देश कळला नाही.
एक बाई रात्रभर दारात उभी. बर्फ पडतोय.
नवरा येत नाही.
एवढंच.

मी प्रॉम्प्टर. विंगेतून शब्द पुरवणारा.
पण बर्फापाशी माझाच शब्द अडला.
आमच्याकडे बर्फ म्हणजे
अर्जुनीच्या बसस्टँडवरचा, भुशात गुंडाळलेला,
वर लाल सरबत.
"मंग पाऊस करा न," तबलजी म्हणाला.
नाकाडे म्हणाले, "पावसात नवरा उशिरा येते गा,
बर्फात येतच नाही."

सायकल काढली, गोठणगावच्या तिबेटी वस्तीत गेलो.
दोल्कर आजी लोकर सोडवत होती.
इथले पन्नास उन्हाळे, आणि मराठी शिव्या तोंडपाठ.
बर्फाचा आवाज कसा, विचारलं.
"आवाज नाय. बाकीचे आवाज बुडतात त्यात.
मागून कोणी हाक मारली, तर पोचत नाय."
मग बराच वेळ तिला लोकरीचं टोक सापडेना.

अरुणनगरात निरापद मंडल जाळं सुकवत होता.
बर्फ त्यानेही पाहिला नव्हता,
दारातली बाई मात्र ओळखीची निघाली.
तिच्या वाट बघण्याला त्याच्या भाषेत एक शब्द होता.
तो मराठीत आला नाही.
मी नुसती त्याची लांबी उचलली.

आणि खळ्यावर सुकरोबाई पुराम,
धान पाखडता पाखडता, अर्धं गोंडीत:
"चैतात मोह पडते तसा का?
रातभर पडते, कोनी आयकत नाही.
सकाळी भुई पांढरी."

मंडईच्या रात्री, दोनच्या सुमारास,
आमची बाई दारात आली.
वरून आम्ही काहीच टाकलं नाही, कापूससुद्धा नाही.
ती म्हणाली, "मोह पडून रायला,
आन् तुमचं पाऊल आयकू येत नाही."
मग थांबली. निरापदच्या शब्दाएवढी.
पुढच्या सतरंजीवर दोल्कर आजीने
शाल डोक्यावरून ओढून घेतली.

परवा तिची नात भेटली बाजारात.
आजी म्हणे ही गोष्ट आता तिबेटीत सांगते,
आपल्याच गावची म्हणून.
दारासमोर मोहाचं झाड आहे तिच्यात.

पहिलं पान अजून सापडलेलं नाही.
नाकाडेंनी शोधणं सोडलं.