उपडा कप

राळेगावच्या पुढं, जिनिंगच्या आवारात
कापसाच्या गंज्यांची राखण करतो मी.
बिडीला बंदी, काडीला बंदी,
म्हणून टॉर्च. सेल दिवसा टिनावर तापवून घेतो,
दोन तास ओढतात.
दोन तासांत तीस पानं, जमलं तर चाळीस.

पुस्तक वाचनालयाचं. कव्हर नाही,
पहिलं पान नाही, लिहिणारा कोण ठाऊक नाही.
पान चौदावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं :
खुनी माळी आहे. उगाच डोकं खाजवू नका.
तरी वाचलं. खरं तर म्हणूनच वाचलं.
बाकीचे कुणी माळ्याकडं बघत नव्हते,
मी एकटा बघत होतो.

बंगला कुठंतरी थंड हवेचा.
मालक आरामखुर्चीत, तोंडाला फेस.
पुतण्या जुगारी, बायको दुसरी, डॉक्टर घाबरट,
संशयाला माणसं भरपूर.
सदोबा माळी पान बावीसवर गुलाबाला आळं करतो,
चाळीसवर फाटक उघडतो,
एकसष्टवर कुणी विचारतं, "धुकं उठेल का रे?"
"उठंल साहेब."
एवढंच.

शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो.
सदोबा उभाच.
तसं लिहिलेलं नाही. मी खुर्च्या मोजल्या.

"टेबलाशी दोघं होते," डिटेक्टिव्ह सांगतो.
"एक कप उष्टा, मालकाचा.
दुसरा धुतलेला, खिडकीत उपडा.
पाहुणा आपला कप धूत नाही.
समोर माणूस तडफडत असताना
आपला कप विसळून उपडा घालील, असा
या घरात एकच."
सगळे थक्क. एक बाई अय्या म्हणते.

मी टॉर्च बंद केला.

माझा बाप डोमाजी, गावचा कोतवाल.
दवंडी द्यायचा, समन्स पोचवायचा,
मेलेल्या ढोरापासून आलेल्या साहेबापर्यंत
सगळं त्याच्याच अंगावर.
देशमुखाच्या वळचणीत खोचलेला त्याचा कप,
कान तुटका.
चहा वरून ओतायचे. पाणीही वरून.
पिऊन झाला की धुवायचा, निथळायचा, खोचायचा.
चाळीस वर्षं.
मग नागपूरला थोरलीकडं राह्यला गेला,
फरशीचं घर, जावई बँकेत,
तिथंही चहा संपला की उठायचाच.
"बाबा, राहू द्या ना," ती रडकुंडीला यायची.
"असू दे वं बाई, हाताले सवय हाय."

डिटेक्टिव्हला सवय दिसली.
कुणी लावली, ते त्यानं विचारलं नाही.
तिथून तीन पानांत पुस्तक संपतं :
बेड्या, जीपची धूळ, पुतण्याचं लग्न ठरतं.

सदोबानं बरं केलं असं म्हणत नाही मी.
मेलेल्याची नात एकोणनव्वदवर रडते,
ते रडणं खोटं नाही, दोनदा वाचलं.
त्या रात्री मालकानं त्याला
पहिल्यांदाच समोर बसवून चहा दिला होता का,
की उभ्यानंच, नेहमीसारखा,
पुस्तकात नाही.
पण विष कालवताना नाही,
कप धुताना सापडला तो,
हे काही केल्या घशाखाली उतरत नाही.

तीनच्या सुमारास थर्मासातला चहा घेतला.
कप घेऊन नळापर्यंत गेलो.
चावीला हात लावला, आणि परत आलो.
तसाच ठेवला, उष्टा, उताणा,
वजनकाट्याच्या खोलीपुढं.
गंज्या सोडून रात्रभर त्याच्याकडंच लक्ष.

उजाडलं तेव्हा तळाशी मुंग्या.
मॅनेजर आला, बुटानं कप हलवला :
"हा कोणाचा गा?"
"माझा," म्हटलं,
आणि चपला शोधत राहिलो.