सूर्य वजा होत नाही

आठल्ये गुरुजी गुरुवारी रात्री येतात
बंदरातल्या गोदामाची पाळी संपवून,
गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र.
दारातच विचारतात, पाय कुठे धुऊ?
सोहारला जूनमध्ये दोन्ही नळांना गरमच पाणी,
म्हणून मी बादली दुपारीच भरून ठेवलेली.

ते वही काढतात, गोदामाचीच,
रकाने छापलेले: वस्तू, नग, शिल्लक, शेरा.
सुपारी, एकवीस.
हळकुंडं, पाच.
अंतरपाट, एक. शेरा: नवा नको, धुतलेला चालेल.
आंब्याचे डहाळे? मी म्हणते, सालिमच्या बागेत आहेत,
लिंबांच्या पलीकडे, तो देईल.
पळसाच्या समिधा नाहीत इथे.
'मग आंब्याचीच वाळकी काडी.
अग्नी काही पावती मागत नाही.'

मुहूर्त मार्गशीर्षातला, पंचांगात बारा वाजून सात.
मी पटकन दीड तास वजा करते,
वीस वर्षं फोनवर हेच तर करत आले.
ते मान हलवतात.
घड्याळ वजा होतं, ताई, सूर्य नाही.
आणि इथला सूर्योदय शोधत
पेन्सिलीने समासात बराच वेळ आकडे मांडत बसतात.
चहा निवतो. मी पुन्हा तापवते.

शाल्मली कुवेतहून फोनवर आहे, बाजूला निहार.
'कन्यादान हा शब्द नको, आई, सांग ना त्यांना.'
सांगायची गरज नाही, आवाज मोठा लावलेला आहे.
गुरुजी शेऱ्याच्या रकान्यात लिहितात: शब्दावर बोलू.
मग, बरं, पाणिग्रहण तरी ठेवूया की नाही?
पलीकडून हसू येतं, दोघांचं.

हॉलच्या छताला धूर हुंगणारं यंत्र आहे.
व्यवस्थापक बिजॉय म्हणालाय, अकरा मिनिटं बंद ठेवतो,
बारावं मिनिट माझ्या नोकरीचं.
गुरुजी बोटांवर मोजतात, लाह्या, तूप, सात पावलं,
'होईल. तूप बेताचं घालू.
मंत्र गाळणार नाही, श्वास गाळीन.'

मामाचा व्हिसा अडकलाय. रकाना कोरा सोडतात.

मग पेन थांबतं.
यजमान म्हणून कुणाचं नाव?
मी दिराचं नाव सांगते, देवगडचे, त्यांना यायला जमेलसं नाही, पण
नाव तरी लागेल ना.
पाच वर्षं मी कुंकवाच्या ताटाकडे हात नेला नाही.
कुणी अडवलं नव्हतं,
अडवायला इथे होतं तरी कोण.
गुरुजी वर न बघता विचारतात,
तुमचं माहेरचं गोत्र नको, सासरचं सांगा.
आणि लिहितात: सौ. नाही, श्रीमती नाही,
नुसतं माझं नाव.

आता एकच राहिलं, ते म्हणतात, संकल्पातलं ठिकाण.
घरी आपण म्हणतो, गोदावरीच्या दक्षिण तीरावर.
इथे वाडी आहे, पाऊस पडला तर वाहणारी,
तिच्या नावाने कसा संकल्प सोडायचा?
मी खिडकीकडे बघते.
मासळीबाजारामागे काळोख आहे, तिथे पाणी असतं.
प्रभाकरच्या अस्थी आम्ही त्यातच सोडल्या,
एका बलोच नावाड्याने इंजिन बंद करून टोपी काढली होती.

'समुद्रस्य पश्चिमे तीरे,' गुरुजी म्हणतात, स्वतःशीच, चव घेतल्यासारखं,
'सोहारनगरे.'
देवगड त्याच पाण्याच्या पूर्वेला.
वहीत ते नीट लिहितात, खोडत नाहीत.

जाताना चपला शोधत विचारतात,
तांदूळ कुठला घ्याल अक्षतांना?
बासमती नको, फार लांब असतो, उडत नाही.
मी म्हणते, बघते.
दार लावून दिवाणखान्यातला दिवा मालवते
आणि ओट्यापाशी उभी राहून
ती ओळ दोनदा म्हणते,
दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.