इतवारी-चार

मे महिना, दुपारचे अडीच.
धरमपेठेतल्या मुख्य शाखेच्या मागच्या खोलीत
सर्व्हरला एसी आहे, मला कूलर,
ज्याच्या वाळ्याच्या ताट्या यंदा कोणी बदलल्या नाहीत.

समोर तक्ता. आडव्या रांगांत एकशे बारा मशिनी,
उभ्या रांगांत माणसं.
कोणी कोणाचा पडदा नुसता पाहावा,
कोणी थेट माऊस हाती घ्यावा,
कोणाला आत येण्याआधी विचारावं लागेल.
हे मी ठरवते. म्हणजे परिपत्रक ठरवतं,
खुणा मी करते.

महाल-सहा पासवर्ड विसरलंय.
सक्करदरा-दोनचा प्रिंटर रुसलाय.
बुटीबोरी-एक म्हणतं, काहून बंद पडलं कोण जाणे,
मी तं काहीच नाही केलं मॅडम.
काहीच न केलेल्यांनीच माझी नोकरी टिकवून ठेवलीय.

आणि इतवारी-चार.
देवाजी नंदनवार, कर्जवसुली.
अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आत शिरले
तेव्हा बाण आपोआप हलताना पाहून
त्यांनी दोन्ही हात वर केले
आणि फोन खांद्यात धरून ओरडले,
"मी हात नाही लावून राहिलो बरं!"
तेव्हापासून दर वेळी हात वर.
मला दिसायचे नाहीत, शेजारच्या उमरेडकरबाई सांगायच्या.

मग नोटपॅड सुरू झालं.
मी त्यांची हरवलेली फाइल शोधत असले
की ते खाली एका बोटाने टाइप करायचे:
मॅडम जेवल्या का
मी लिहायची: हो. तुम्ही
दोघांचा मिळून एकच कर्सर.
मी थांबले की ते, ते थांबले की मी.
इतक्या सबुरीने माझ्याशी
घरीसुद्धा कोणी बोलत नाही.

समोरासमोर एकदाच भेटलो, वार्षिक सभेत.
काय बोलावं दोघांनाही सुचेना.
त्यांनी सांबारवडीची प्लेट पुढे केली,
मी एक घेतली, मग आणखी एक.

त्यांच्या पडद्यावर हातमागाचा फोटो आहे,
अर्धा आयकॉनांखाली झाकलेला.
अकरा वर्षं मी त्यावरून बाण फिरवला,
विचारलं कधीच नाही.

काल नव्या साहेबांचं पत्र आलं.
एक तारखेपासून 'आधी विचारा' ही खूण
सगळीकडून काढावी. वेळ वाचेल.
कोण काम करून राहिलं, कोण पत्ते खेळून राहिलं,
इथे बसून कळेल.

एकतीसला नंदनवारांची निवृत्ती.

मी काढल्या. खोटं कशाला बोलू,
माझे घराचे हप्ते आहेत.
महाल, सक्करदरा, मानकापूर, सगळ्या.
माझ्या स्वतःच्या मशीनपुढेही
साहेबांचं नाव टाकलं, पूर्ण ताबा,
आणि तेवढ्यापुरता पदर सावरला, उगाच.
एकशे अकरा झाल्या.
एक राहिली. कोणी विचारलं तर
नजरचुकीने, म्हणेन.

आत्ता इतवारी-चारला विनंती पाठवलीय.
काम काही नाही.
तिकडे चौकोन उघडला असेल: परवानगी द्यायची का?
तीस सेकंदांत उत्तर नाही आलं
तर नकार समजतात.
दहा. पंधरा.
कूलरचं पाणी संपलं, मोटर कोरडी खरखरतेय.
बावीस.
अठ्ठाविसाव्या सेकंदाला, होय.

नोटपॅड उघडलं:
पानी प्यायला गेलतो मॅडम. काय बिघडलं

मी लिहिलं: काही नाही.
तो माग कोणाचा?

बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकला.
मग 'आ' उमटलं, खोडलं गेलं,
पुन्हा उमटलं.
मी माऊसवरून हात काढला.
दोन्ही वर धरले.