शंभर पेशी

माघात तुरीचा हंगाम लागला
की जळगाव एमआयडीसीच्या या टोकाला
हवेला टरफलांचा पिवळा वास येतो,
आणि माझ्या लॅबच्या बाकावर
दम लागलेली पोरं.

मोक्षदा, वय सात.
आई कोकिळा, डाळमिलमध्ये चाळणीवर.
मुलगी बोलते ते तुटक,
दोन शब्दांमध्ये खांदे उचलून.

बोटाच्या टोकातून थेंब घेतला,
काचपट्टीवर ओढला, वाळवला, रंगवला,
वर तेलाचा ठिपका. डोळा लावला.
शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात,
तांबड्यांच्या बाजारातून वाट काढत,
एकेकीला बोटाखाली टक् करत.

यातल्या एका जातीच्या
एरवी दोन-चार भेटतात फार तर.
अंगात केशरी दाण्यांची गच्च रास
आणि मधोमध केंद्रक,
घरटीतून अर्धवट भरडून निघालेल्या तुरीसारखं,
दोन डाळी, अजून एका धाग्याने जोडलेल्या.
इओसिनोफिल.
आज चौदा.

काचेवर त्या मुक्या असतात.
पण रात्री काय झालं असेल, मला ठाऊक आहे.
आईच्या पदरातून धुळीचा कण घरी आला.
श्वासनळीच्या ओट्यावर
मास्ट पेशी पहाऱ्याला बसलेली,
अंगभर आकडे लावून, याच कणाची वाट पाहत.
कण आकड्यात अडकला
आणि ती ओरडली,
चोर वना रे, चोर वना!

पिशवीत हिस्टामिन भरलेलंच होतं,
ते तिने पहिल्या झटक्यात उधळलं.
मग स्वतःच्याच भिंतीतली चरबी खरवडून
दुसरं काही रचलं, सावकाश, चिवट,
तासन्‌तास नळी आवळून धरणारं.
निरोप रक्तात गेला,
आणि रक्तातून हे निघाले,
काठ्या घेऊन, गल्लीगल्लीतून.

चोर नव्हताच.
पण बोळ अरुंद, माणसं एवढी,
काठ्या भिंतींवर आपटतायत, पोपडे पडतायत,
आणि आत गेलेला श्वास
बाहेर पडायला वाट मागत उभा.
त्याचीच ती शिट्टी.

माझ्या भावाचं नाव भिकन.
त्याच्या आधीचे दोघे गेले, म्हणून ते नाव.
त्याला दम लागला तेव्हा
यावलकडच्या आमच्या गावात
कुणी काच रंगवली नाही.
विळा तापवला.
आता तो पंचेचाळिशीचा, रिक्षा चालवतो,
बनियन बदलताना आमच्याकडे पाठ करतो.
पोटावर पाच डाग.
लहानपणीच मोजून ठेवलेत मी.

मोक्षदा स्टुलावर चढली. मला बघू द्या.
तिला मी ही चोराची गोष्ट सांगितली,
विळ्याची नाही.
एक डोळा मिटून ती बराच वेळ पाहत राहिली.
"यासमा वाईट कोनतं शे?"
एकही नाही, म्हटलं.
मदतीला धावून आलेत सगळे.
"मंग तेसले सांगा ना...
चोर नही शे...
घर जा म्हना."

सांगायचं औषध आहे. डॉक्टर लिहून देतील.
पाण्याच्या बाटलीला भोक पाडून
पंप कसा बसवायचा, नर्स दाखवेल.
कोकिळा विचारेल, सवय तर नाही ना लागणार?
आणि चाळणी उद्याही आठ तास हलेल.

रिपोर्टात यातलं काही येत नाही.
रिपोर्टात: इओसिनोफिल, चौदा टक्के.
पुढे शेऱ्याचा रकाना असतो,
दोन बोटं रुंद.
पेन टेकवलं, उचललं.

कोकिळाने पैसे मोजून दिले,
उठता उठता सवयीने पदर झटकायला घेतला,
हात तसाच थांबला.
मुलीला तिने बाकावर बसवलं,
एकटी बाहेर गेली, रस्ता ओलांडून,
पार बाभळीपर्यंत,
आणि तिथे झटकला.